आतून लावलेली कडी

१

यंत्र होतं तिथं फरशीवर आता फक्त एक स्वच्छ चौकोन उरला होता. आजूबाजूला मे महिन्याची बारीक धूळ, आणि मधोमध तेवढीच जागा लख्ख. पुष्पांजलीबाई दारातच खिळल्या. दोन मास्कच्या आड त्यांचा श्वास त्यांनाच मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"चेतना, मशीन कुठं गेली?"

आतली कडी काढून पुन्हा कॉटवर जाऊन बसलेल्या मुलीनं कोपऱ्याकडे पाहिलं. "काल दुपारी मी आंघोळीले गेली होती, मॅडम. कडी लावाची राहून गेली असन. मंग... झोप लागून गेली मले."

एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबून दम घ्यावा लागला. ते थांबणं पाहून पुष्पांजलीबाईंनी पर्समधून ऑक्सिमीटर काढला.

दुसऱ्या लाटेचे दिवस होते. गोंदियात ज्याला त्याला फक्त दोनच प्रश्न पडलेले, बेड कुठं मिळेल आणि काल कोण गेलं. विद्यापीठानं सूचना काढल्या होत्या की बाधित विद्यार्थ्यांनी गावी जाऊ नये, वसतिगृहातच वेगळं राहावं, म्हणजे गावं तरी वाचतील. वसतिगृहातल्या बाकीच्या मुली त्याआधीच घरी पोचल्या होत्या. दरेकशाची चेतना तेवढी अडकली. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या पुष्पांजली कापगते यांच्या गळ्यात कोविड समन्वयक नावाची घंटा बांधली गेली होती, कारण बाकी सगळ्यांनी माना आधीच बाजूला केल्या होत्या. 'घरी जाऊ नकोस, इथं मी आहे,' हे चेतनाला त्यांनीच सांगितलं होतं. तळमजल्यावरची, मोरी आतच असलेली कोपऱ्यातली खोली त्यांनीच निवडली. नियमही त्यांचेच होते. कडी कायम आतून. स्वयंपाकीण जमुनाबाई जेवणाचा डबा बाहेर स्टुलावर ठेवून जाणार. पावलं दूर गेली की मगच दार उघडायचं.

आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी मदतनिधीतून आलेलं ते यंत्र! हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं, चाकांचं, कमरेएवढं. नळी जोडायला त्याला दोन तोंडं होती. पेशंट एकच, म्हणून एकावर निळं टोपण घट्ट बसवून त्याची नळी बाईंनी आपल्या विभागातल्या कपाटात ठेवून दिली होती. तीन-चार दिवसांपूर्वी चेतनाला बरं वाटायला लागलं, तसं यंत्र बंद करून नुसतं उशाशी ठेवलं होतं, न जाणो परत लागलं तर.

ते आता लागणार होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा नव्वदच्या खाली उतरून तिथंच रेंगाळला.

बाईंनी मोरीत डोकावून पाहिलं. खिडकीचे गज शाबूत होते. खिळ्याला जुनी नळी धुऊन टांगलेली होती. थर्मामीटर काढायला त्यांनी उशाजवळचा बिस्किटांचा डबा उघडला. गोळ्या होत्या, थर्मामीटर होता. आणखी काहीतरी असायला हवं होतं, पण त्या घडीला डोकं चालेना.

ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते धावपळीत होते. "पालथं झोपवा, मशीन लावा. बेडचं संध्याकाळशिवाय काही सांगता येत नाही. मशीन आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," पुष्पांजलीबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून तडक ऑफिसकडे निघाल्या.

२

कार्यालय अधीक्षक योगराज आपल्या टेबलाभोवती प्लास्टिकचा पडदा लावून बसले होते. दोन मास्क, वर चेहऱ्याची काच, वर टोपी. करोना प्रत्यक्ष भेटायला आला असता तरी त्याला यांचं नाक सापडलं नसतं.

"चोरी? मॅडम, जरा दूर से बोलो."

"योगराजजी, मशीनबद्दल कुणी विचारत होतं का?"

 अधीक्षकांनी पडद्याजवळ सरकून आवाज खाली आणला. "परवा संस्थेच्या एका सदस्याचा फोन होता. म्हणे, मशीन बंगल्यावर पाठवा. मी सांगितलं, साहेब, ती विद्यार्थ्यांची आहे, उद्या विद्यापीठ हिशेब मागेल. लै चिल्लाए. पण नंतर त्यांनी रायपूरहून दुसरी मागवून घेतली. आमच्या प्यूननंच उतरवली."

म्हणजे तो दरवाजा बंद झाला. बाई निघाल्या तेव्हा मागून आवाज आला, "हेमेंद्र सरांना विचारा ना. काल दुपारी गाडीवर चादरीत गुंडाळून काहीतरी घेऊन चालले होते. इतकं मोठं."

हेमेंद्र तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक. कॉलेज बंद म्हणून तासिका बंद, तासिका बंद म्हणून पगार बंद, तरी मदतीची किटं वाटायला रोज यायचा. गेल्या आठवड्यात त्यानं काकांसाठी मशीन मागितली होती. नियम विद्यार्थ्यांपुरता आहे, असं बाईंनी त्याला सांगितलं होतं. तो काही न बोलता निघून गेला होता. ते न बोलणं आता बाईंच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना खात्रीच पटली.

तो व्हरांड्यात पोती मोजत होता.

"हेमेंद्र, मी पोलिसांकडे जाणार नाही. काकांना लावली असशील तर तसं सांग. ती पोरगी गुदमरते आहे रे."

त्यानं पोत्यावरचा हात उचलला नाही. "काका परवा गेले, मॅडम. मशीन आता कोणासाठी नेऊ?"

बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी.

"चादरीत तांदूळ होता," तोच म्हणाला. "आमगावच्या पोराकडे पोचवला. रस्त्यात पोलीस अडवतात म्हणून झाकला. पण एक सांगतो. मी निघालो तेव्हा फाटकावर छोटेलाल होता. परत आलो तर फाटक सताड उघडं, आणि छोटेलालचा पत्ता नाही."

छोटेलाल वसतिगृहाचा चौकीदार. बाईंनी तिथल्या तिथं त्याला फोन लावला. बऱ्याच रिंगांनंतर त्यानं उचलला.

"मॅडम, मी नाही येऊ शकत. घरी मातामाय आली हाय. लेकराच्या अंगावर निघाली."

"काल फाटकातून काही बाहेर गेलं का, छोटेलाल भाऊ?"

फोन कटला. परत लावला तर बंद.

मातामाय म्हणजे कांजिण्या. घरात माता आलेली असताना या भागात माणूस कामावर जात नाही, आणि त्याला कोणी बोलावतही नाही. बाईंना हे ठाऊक होतं. पण संध्याकाळ काही थांबणार नव्हती. चेतनाला पालथं झोपवून, कडी लावायला लावून, हेमेंद्रला दाराबाहेर स्टुलावर बसवून त्यांनी स्कूटी काढली आणि छोटेलालच्या गावाची, नागऱ्याची वाट धरली.

त्या निघाल्या तेव्हा चेतनानं फक्त एवढंच विचारलं होतं, "मॅडम, कोठी जाऊन राहिले?"

"छोटेलालकडे," असं ऐकताच मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. आजारच तसा आहे, असं बाईंना वाटलं.

३

नागऱ्याच्या शिवमंदिराला कुलूप होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोन दारांवर पत्रे ठोकून प्रशासनाचे लाल कागद डकवलेले होते, आणि त्यांच्या पलीकडे छोटेलालचं घर. त्याच्या चौकटीवर कडुनिंबाचे हिरवे डहाळे बांधले होते.

बाई अंगणातच थांबल्या. डहाळे दिसले की उंबरा ओलांडायचा नसतो, मोठ्यानं बोलायचं नसतं. छोटेलालची बायको सुशिलाबाई पदर तोंडाशी धरून दारात आली.

"ते घरी नाहीत."

"आत्ता तर फोनवर म्हणाले, घरी आहे."

"गेले. नदीवर गेले, पानी आनाले. मातेचं करा लागते ना बाई." तिचे डोळे सारखे मागे वळत होते.

आतून संथ घरघर येत होती. उन्हाळ्यात विदर्भातल्या कुठल्या घरातून ती येत नाही? अंगणात एका कडेला घरचा कूलर उताणा पडला होता आणि त्याच्या जाळीवर कुरडया वाळत होत्या. बाईंनी सगळं पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही, कारण त्याच क्षणी त्यांना ठसका लागला.

साधा नव्हे. छातीतून उसळून आलेला, डोळ्यांत पाणी आणणारा. त्या वाकल्या, खोकत राहिल्या. समोरच्या घरातली खिडकी धाडकन बंद झाली. सुशिलाबाई दोन पावलं मागं सरकली.

झालं, बाईंच्या मनात आलं. आपल्यालाही धरलं.

रोज त्या दारापर्यंत जात होत्या. रोज हात धूत होत्या, आणि तरी. डोळ्यांसमोर एकाच वेळी घर, कोपऱ्यातल्या खोलीतली चेतना, हॉस्पिटलबाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्या, सगळं येऊन गेलं. कशीबशी स्कूटी वळवून त्या गल्लीबाहेर पडल्या आणि मंदिराच्या भिंतीला टेकून बसल्या. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा आधी उमटेचना. उमटला तो अगदी ठीक होता.

त्यांनी मास्क खाली करून मोठा श्वास घेतला. खोकला नाही. परत घेतला. घसा साफ.

आजाराचा खोकला गल्ली ओलांडली म्हणून कुठं थांबतो?

बाई हळूहळू उठून उभ्या राहिल्या. ठसका मिरचीचा होता. तडतडत्या तेलात लाल मिरची पडली की येतो तो. त्या घरात कोणीतरी आत्ता झणझणीत फोडणी दिली होती.

आणि माता आलेल्या घरात फोडणी देत नाहीत. तवा नाही, तेल नाही, मिरची नाही. बाईंच्या लहानपणी भावाच्या अंगावर माता निघाली, तेव्हा अख्ख्या घरानं अळणी वरणावर दिवस काढले होते. मातेच्या घरात मिरची तडतडवायची छाती नागऱ्यातल्या कुठल्याच बाईला होणार नाही. तिथं माता आलेलीच नसेल तर गोष्ट वेगळी.

त्या कडुनिंबाच्या आड काहीतरी लपवलं होतं. कूलर अंगणात कुरडया वाळवत पडला होता. मग आत घरघरत होतं ते काय?

४

या वेळी बाई अंगणात थांबल्या नाहीत. डहाळ्याखालून वाकून सरळ आत गेल्या. उंबरा ओलांडताना त्यांचे हात जोडले गेलेच. कितीही शिकलं तरी ते जात नाही.

आतल्या खोलीत खाटेवर वसतिगृहाची स्वयंपाकीण जमुनाबाई पडली होती. नाकाला नळी, उशाशी यंत्र. पायाशी छोटेलाल, तिचा भाऊ. बाईंना पाहताच त्यानं हात जोडले आणि तसाच खाली बसला.

"ही तर तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होती ना? तुम्हीच सांगितलंत!"

"दरसाल जाते, म्हनून तसं सांगतलं. हिले ताप होता, मॅडम. दवाखान्यात जागा नाही. नेलं की माणूस परत येत नाही म्हनतात. मदतनिधीत विचारलं, तं योगराज साहेब म्हने, रोजंदारीवाले त्यात बसत नाहीत. मंग का करू? मातामायचं खोटं नाव घेतलं मी, कोनी घरात शिरू नये म्हनून. मले त्याचं पाप लागन." तो रडायला लागला. "तिले कशाचीच चव लागत नाही. कायतरी तिखट दे म्हने. सुशिलानं ठेचा फोडणीले टाकला."

"आणि मशीन?"

"मी नेली. कडी उघडी होती."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. पाहता पाहता सकाळपासूनच्या गोष्टी एकेक करून जागेवर बसायला लागल्या, आणि हायसं वाटण्याऐवजी त्यांना जास्तच भीती वाटायला लागली.

"छोटेलाल भाऊ, ही नळी कोरी आहे. कुठून आणली?"

त्यानं नजर यंत्राकडे वळवली.

"माझ्या कपाटातली सोडली तर कोरी नळी एकच होती. चेतनाच्या उशाजवळ, बिस्किटांच्या डब्यात. चोर घाईत आला असता तर यंत्र जसंच्या तसं नळीसकट नेलं असतं. तो डब्यात हात घालत बसला नसता, आणि आपली वापरलेली नळी तर पोरीनं निवांत धुऊन खिळ्याला टांगली आहे. कडी उघडी राहिली नव्हती. आतून काढली गेली होती." बाईंचा आवाज फाटला. "सकाळपासून तिला श्वास पुरत नाही, आणि 'मशीन भेटली काय' असं तिनं मला एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही!"

छोटेलालनं कपाळ जमिनीला टेकवलं. "दारातून सांगून राहिलो होतो तिले, का मावशी आजारी हाय, डबा आता दुसरीकडून येईन. बस. म्या मागतली नाही, मॅडम. तिनंच ढकलत आनून देली. म्हने, मले आता बरं हाय, मावशीले लावा. कोनाले सांगू नका."

खाटेवर हालचाल झाली. जमुनाबाईनं डोळे उघडले होते. "कोनाची मशीन हाय हे?"

छोटेलालनं मान खाली घातली.

"पोरीची? कोपऱ्यातल्या पोरीची?" आणि तिनं नाकातली नळी ओढून काढली. "न्या हे. आत्ताच्या आत्ता न्या. तिच्या मायनं माह्या भरवशावर ठेवली तिले."

बाईंनी धावत जाऊन तिचा हात धरला आणि नळी परत बसवली. नियम, अंतर, सगळं त्या क्षणी उडून गेलं. "जमुनाबाई, ऐका. याला दोन तोंडं आहेत. हे निळं टोपण दिसतंय का? दोघींना पुरेल. दुसरी नळी माझ्या कपाटात आहे. पण तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

"मी रोजंदारीची, बाई. तठी कशी चालन?"

"मी चालवते. बघू कोण अडवतं ते."

शेजाऱ्याचा मालवाहू टेम्पो मिळाला. निघताना यंत्राची वायर काढली आणि घरघर थांबली. आता पोचेपर्यंत जमुनाबाईकडे होता तो फक्त तिचा स्वतःचा श्वास. मागं पोत्यावर बसून पुष्पांजलीबाई तो ऐकत होत्या, आणि प्रत्येक गतिरोधकाला तो आता थांबतो की काय असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. हेमेंद्र.

"मॅडम, मी केव्हाचा दार वाजवतोय. आतून कडी आहे. ती ओ देत नाहीये."

५

व्हरांड्यात हेमेंद्र खांद्यानं दाराला धडका देत होता. जुनं सागवानी दार, जाड लोखंडी कडी. बाईंनीच मागं लागून सुताराकडून नवी बसवून घेतली होती, मुलीला सुरक्षित वाटावं म्हणून.

"चेतना! दार उघड!"

काहीच नाही.

"चेतना, कोणी रागावणार नाही. मला सगळं कळलं आहे गं!"

आत काहीच हललं नाही. बाईंना रडू कोसळलं. घरी जाऊ नकोस म्हणून मीच सांगितलं. कडी लाव म्हणूनही मीच सांगितलं. दरेकशाला तिच्या आईला आता कोणत्या तोंडानं फोन करू? हेमेंद्र पहार शोधायला धावला.

मागून छोटेलालच्या खांद्यावर रेलून जमुनाबाई पावलापावलानं येत होती. तिनं दाराला तळवा टेकवला. आवाज कसला, नुसता वाराच होता.

"पोरी, मी हावो. मावशी. दार उघड व माय."



बऱ्याच वेळानं आत काहीतरी घासत सरकल्याचा आवाज झाला. मग परत शांतता. मग खालच्या बाजूनं, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथून, नखांनी लाकूड चाचपल्याचा आवाज आला. कडी किरकिरली, अडकली, परत किरकिरली.

दार उघडलं.

चेतना उंबऱ्यापाशी बसली होती. ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले. तिनं आधी जमुनाबाईंकडे पाहिलं, मग तिच्या मोकळ्या नाकाकडे, आणि घाबरून म्हणाली, "मावशी, नळी काऊन काढली?"

"तुह्यासाठी, येडे," जमुनाबाई म्हणाली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. यंत्र त्याच लख्ख चौकोनावर परत ठेवलं. निळं टोपण इतकं घट्ट बसलं होतं की हेमेंद्रला ते दातांनी काढावं लागलं. कपाटातली नळी आली. शेजारच्या खोलीतली कॉट ओढून आणली, आणि एकाच घरघरीवर दोघी पडून राहिल्या. बाई खाली फरशीवर बसून एकदा हिचं बोट धरत होत्या, एकदा तिचं. आकडा जागचा हलेना. मग एकानं वाढला. मग बराच वेळ काही नाही. मग परत एकानं.

योगराज व्हरांड्याच्या टोकापर्यंत आले, लांबूनच पाहिलं. "मॅडम, ये तो नियम में नहीं बैठता."

"नाही बसत," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "तसं लिहून विद्यापीठाला कळवा. खाली सही माझी."

 ते ऑफिसात परत गेले आणि तिथला कूलर प्यूनच्या हातानं या खोलीत पाठवून दिला.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही आकडे नव्वदच्या वर सरकले होते. बेड अजूनही नव्हता. "मशीन आहे ना?" त्यांनी परत विचारलं, आणि या वेळी 'आहे' म्हणताना बाईंना खोटं बोलावं लागलं नाही.

भीती गेली नव्हती. ती बाहेर गावभर होती, उद्याही असणार होती. पण खोलीत जमुनाबाई कूस बदलून चेतनाकडे तोंड करत होती.

"सकारपासून जेवली काय?"

चेतनानं मान हलवली. "चवच लागत नाही, मावशी."

"मले बी नाही लागत. सुशिलाचा ठेचा हाय डब्यात. खाऊन पाहू दोघीजनी."

पुष्पांजलीबाई उठल्या. दारापाशी पोचल्या तशी मागून कॉट कुरकुरली. चेतना सवयीनं कडी लावायला उठत होती.

"पडून राहा," बाई म्हणाल्या. "आजपासून दार उघडं राहील."

आणि त्यांनी स्टूल बाहेरून उचलून आत, उंबऱ्याजवळ ठेवलं आणि त्यावर स्वतःच बसल्या.